चिखलाचे पाय आणि पहिला घास

फार पूर्वी नलिनपुरावर राजा दृढवर्म्याचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे प्रधान होते. नगर सखल, नदी उंच आणि दोहोंमध्ये मातीचा लांबलचक बांध, अशी तिथली ठेवण होती. खेकडे तो बांध पोखरत. राखणदार दिवसभर त्यावरून अनवाणी चालत आणि तळव्याला ओल लागली की तिथले बीळ चिखलाने बुजवत. नगरवासी सुखाने जेवत आणि आपली नदी स्वभावाने गरीब आहे असे समजत.

त्या वर्षी नऊ दिवस पूर राहिला. एके ठिकाणी बांध खचू लागला, तेव्हा तिंदुक नावाचा म्हातारा राखणदार भगदाडाला पाठ लावून बसला आणि माती येईपर्यंत हलला नाही. पाणी ओसरल्यावर नगरात जो तो म्हणू लागला, प्रधानांच्या पुण्याईने आपण वाचलो.

नवान्नाच्या दिवशी राजा नव्या भाताचा पहिला घास राज्याच्या रक्षणकर्त्याला आपल्या हाताने भरवी. ज्या प्रधानाला तो मिळे, त्याच्या कुळात प्रधानपद पुढे चालू राही. राजाने बोधिसत्त्वांना पुढे बोलावले. तेवढ्यात दाराशी गलबला झाला. तिंदुक आणि त्याची माणसे खांद्यावर गाठोडी घेऊन राजाचा निरोप घ्यायला आली होती आणि द्वारपाल त्यांच्या पायांच्या चिखलाकडे बोट दाखवून त्यांना अडवत होता.

"कुठे निघालात?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"डोंगराकडे, प्रधानजी," तिंदुक म्हणाला. "कामाला भीत नाही आम्ही. पण घरची माणसं विचारतात, त्या नगराचे तुम्ही कोण? काय सांगायचं त्यांना?"

बोधिसत्त्व राजाकडे वळले. "महाराज, हा घास माझा नाही. पुरात मी गच्चीवर उभा होतो, हे पाण्यात उभे होते. आपल्या फरशीला जो चिखल चालत नाही, त्याच्याच आडोशाला आपण सगळे बसलो आहोत."

राजाचा चेहरा उतरला. मग त्याने जोडे काढले, भाताचे ताट उचलले आणि सगळ्यांदेखत तो राखणदारांबरोबर बांधाकडे चालू लागला.

बांधावर तिंदुक म्हणाला, "महाराज, इथं पाय टेका. टाचेला गार लागतंय?"

"नाही."

"दमानं टेका."

राजाने टाच हळूच दाबून पाहिली. "लागतंय," तो म्हणाला. खाली बसून त्याने ते बीळ स्वतः बुजवले, नदीत हात धुतले आणि पहिला घास तिंदुकाला भरवला. "आजोबा, घरी सांगा, नलिनपूर ज्यांच्यामुळे उभं आहे, ते तुम्ही."

तिंदुकाचे डोळे भरून आले, मान मात्र ताठ होती. तो आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "गाठोडी सोडा."

प्रधानपद बोधिसत्त्वांच्या कुळात राहिले नाही. पण दर नवान्नाला नलिनपूरचा राजा अनवाणी बांधावर येत राहिला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज समोर बसलेला हा उपासक. तिंदुक म्हणजे विहाराचे अंगण झाडणारा तो वृद्ध भिक्षू, ज्याचे नाव तुमच्यापैकी कुणी अजून विचारलेले नाही. आणि प्रधान मीच होतो. ज्यांच्या राखणीवर आपण निर्धास्त आहोत, त्यांना ओळखणे आणि तसे बोलून दाखवणे, हीच कृतज्ञता."

भिक्षू उठले आणि नाव विचारायला अंगणात गेले.