सायकलींच्या वाटेचं फाटक

सायकली बोलत आणि फाटकं उत्तरं देत, त्या काळची ही गोष्ट. एका बंदराच्या गावाने समुद्रालगत खास सायकलींसाठी वाट केली आणि मोटारी घुसू नयेत म्हणून तोंडाशी सागवानी फाटक बसवलं. फाटकाने पहिल्याच दिवशी एक मोटार हुसकावली. गावाने त्याला हार घातला, आणि फाटकाला शिंगं फुटली.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याची सायकल आली. फाटक म्हणालं, "दोन्ही बाजूंना किटल्या? हा तर टेम्पो झाला."

"अहो फाटकराव, मी जन्माची सायकल!"

"सगळे असंच म्हणतात."

मग एका चिमुरडीची तीनचाकी आली. ती रिक्षा ठरली. होता होता सगळ्या सायकली जीव मुठीत धरून मोटारींच्या हमरस्त्याने जाऊ लागल्या. वर्षभरात आत एकही वाहन गेलं नाही, म्हणून फाटक खूश होतं.

मागे वाळू साचली, वाळूवर मर्यादवेल पसरली. एके सकाळी तिकडून एक कुर्ली तिरकी तिरकी चालत आली. "फाटकराव, राखताय काय?"

"सायकलींची वाट."

कुर्लीने मागे पाहिलं. "कुठाय?"

वळून बघायचं तर उघडावं लागलं असतं. फाटक समोरच बघत राहिलं.