मौनाची दोन मिनिटं

गटार साफ करायला उतरलेले लहानू सोनकांबळे आतल्या वायूने गुदमरून गेले. शोकसभेत नगराध्यक्ष दादासाहेब तासभर बोलले आणि शेवटी म्हणाले, "चूक लहानूचीच. त्याने मास्क लावला नाही."

लहानूंची मुलगी वैजू उठली. "मलाही बोलायचंय."

"आता मौनाची दोनच मिनिटं उरलीत, पोरी. त्यात कसलं भाषण करतेस?"

"तेवढी पुरेत, साहेब. फक्त मौन पाळताना सगळ्यांनी श्वास रोखून धरा."

सभा उभी राहिली. अर्ध्या मिनिटातच दादासाहेब धापा टाकत खुर्चीत बसले.

वैजू त्यांच्याकडे वळली. "बाबांना वीस मिनिटांनी वर काढलं. त्यांनी मास्क मागितला, तेव्हा तुम्हीच म्हणालात, साहेब, 'श्वास रोखून उतर.'"

मौन संपलं, तरी बाकी कुणी खाली बसलं नाही.