शिदूचं पोट आणि हौसाचं माहेर

एका गावात शहाणी माणसं फार झाली होती. तोल राहावा म्हणून देवानं तिथं एक भोळा पाठवला. त्याचं नाव शिदू.

शिदू अंगानं गोल. गाल गोल, पोट गोल, हसला की सगळंच हलायचं. भाकरी, पिठलं, कांदा, वर गार ताक, असा चवीनं जेवायचा आणि ज्वारीचं पोतं पाठीवर टाकून गाणं म्हणत जायचा. आपलं पोट मोठं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगितलं साडूनं, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यानं. मुरलीधर त्याचं नाव. अंगकाठी वाळल्या शेवग्याची, तोंड मात्र अखंड चालू.

"शिदूराव, आधी पोट येतं, मागाहून तुम्ही! धोंड्याच्या जेवणाला असेच येणार? काकडी खा. सकाळी काकडी, संध्याकाळी काकडी."

अधिक महिना आला की जावयाला सासरी बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं वाण देतात, वाणावर दिवा ठेवतात. हे धोंड्याचं जेवण. शिदूची बायको हौसा या जेवणाच्या नावानंच कापत होती. तिची आई भारी तापट. "जावयानं माझ्या पंगतीत अन्नाचा अपमान केला, तर लेकीला माझा उंबरा बंद," असं तिनं चारचौघांत बजावून ठेवलं होतं. आणि नवरा तर हा असा! हौसाचं माहेर एका पंगतीवर टांगलेलं होतं.

शिदू काकडीवर राहिला. गाल उतरले, गाणं बंद झालं. विहिरीवर घागर ओढायला गेला तर घागरीनंच त्याला आत ओढलं. लोकांनी दोर टाकून वर काढला.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, आईकडं हे काकडीचं खूळ काढलंत तर माझं माहेर संपलं! भूक लागली की खायचं, पोट भरलं की थांबायचं. त्यात कसली आलीय अक्कल?"

"एवढंच?"

"एवढंच."

शिदूनं मनाशी खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी पाटलीणआजींचा दहावा होता. नदीकाठी पिंड मांडला. कावळा काही शिवेना. आजींचा मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, काय इच्छा राहिली असेल ती सांग. आम्ही पुरी करू." तरी कावळा येईना. ऊन चढलं. सगळे ताटकळले.

शिदूला भूक लागली. तो उठला, पुढं गेला आणि पिंड खाऊन टाकला. वरचं दहीसुद्धा चाटून घेतलं.

"अरे मेल्या, हे काय केलंस?"

"भूक लागली की खायचं," शिदू म्हणाला.

तेवढ्यात कावळा आला. रिकामी पत्रावळ बघून तोही शिदूवरच ओरडला.

घरी हौसा कडाडली. "अहो, पान मांडलं की आधी कावळ्याला शिवू द्यायचं असतं! तोवर हात लावायचा नाही!"

"हात्तिच्या! आधी सांगायचं की."

मग गावात लग्न निघालं. पंगत बसली, जिलबी आली, मंडळींनी हात चालवले. शिदू मात्र हाताची घडी घालून बसला.

"जेवा की, शिदूराव," यजमान म्हणाले.

"कावळा शिवू दे."

मंडळींचे घास हातातच राहिले. शिदू बाहेर जाऊन "काव, काव" करून आला. कावळा येईना. मग त्याला पुढची रीत आठवली. तो थेट नवरदेवासमोर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "बाबा रे, काय इच्छा राहिली असेल ती सांग. आम्ही पुरी करू."

नवरदेवाची इच्छा काय होती ते नवरदेवालाच ठाऊक. वरमाय मात्र झारा घेऊन धावली.

मार खाऊन शिदू घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. "सगळा दोष या पोटाचा. लाज वाटते मला याची. आता मी जेवणारच नाही."

हौसा चांगली झापणार होती, पण त्याचं उतरलेलं तोंड बघून थांबली. भोळा असला तरी सोन्यासारखा नवरा! ती जवळ बसली, दुधात भाकरी कुस्करली, घास त्याच्या तोंडात घातला आणि हनुवटी धरून म्हणाली, "कुणी आपल्या अंगाला लाजून उपाशी बसलं, तर त्याला असा घास भरवावा. आणि सांगावं, तुम्ही जसे आहात तसेच मला आवडता. गोल तर गोल!"

बोलून गेली आणि मग अशी लाजली, की फुंकर मारून तिनं दिवाच मालवला.

शिदूनं हे सगळं ध्यानात ठेवलं. अगदी सगळं.

धोंड्याचा दिवस उजाडला. "आज कावळ्याचं नाव काढायचं नाही," हौसानं वाटेतच बजावलं. शिदू पाटावर बसला, शेजारच्या पाटावर मुरलीधर. धोंडे तुपात बुडवून, मिटक्या मारत खाल्ले. पोट भरलं तसा पानावर आडवा हात धरला. "बास, मामी. तृप्त झालो."

सासूबाई खूश. हौसाचा जीव भांड्यात पडला.

"आई, आता तूही बस," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान खाली घातली. त्याही अंगानं भरलेल्याच. पदराखाली दंड झाकत पुटपुटल्या, "मला नको गं. मी काकडीवर आहे. मुरलीधरराव म्हणाले, मी दारातून आडवी जाते."

शिदूला भरून आलं. त्यानं एक धोंडा उचलला, तुपात बुडवला आणि सासूबाईंच्या तोंडात घातला. मग त्यांची हनुवटी धरली आणि भर पंगतीत खणखणीत आवाजात म्हणाला, "मामी, तुम्ही जशा आहात तशाच मला आवडता. गोल तर गोल!"

सासऱ्यांच्या हातातला द्रोण पडला. हौसानं डोळे मिटले. गेलं माहेर!

सासूबाईंचं तोंड भरलेलं, त्यामुळं ओरडता येईना. त्या चावत राहिल्या. चावता चावता डोळ्यांत पाणी आलं. घास गिळून म्हणाल्या, "हौसा, माझं पान वाढ. पोटभर वाढ. आणि ती काकडी मुरलीधररावांना दे."

माहेर वाचलं! हौसानं देवाला हात जोडले.

इथं शिदू थांबला असता तर! पण धडा अर्धा टाकणारा गडी नव्हता तो. तो वाकला, आणि एक फुंकर मारून त्यानं वाणावरचा दिवा मालवला.

"अहो जावईबापू, हे काय अभद्र?" सासरे ओरडले.

"अभद्र कसलं, मामा?" शिदू म्हणाला. "हौसा घरी मला हेच सांगते, आणि मग दिवा मालवते."

हौसाचं माहेर काही तुटलं नाही. सासूबाईंची बोलावणी येतच राहिली. हौसाच पुढं वर्षभर तिकडं तोंड दाखवायला गेली नाही.