परीलाही नक्की माहीत नव्हतं

मथूची झोपडी नदीच्या पात्रात होती. उन्हाळ्यात नदी आटली की भोयांची बिऱ्हाडं वाळूत उतरायची, कलिंगडांचे वेल लावायची आणि तिथंच पाचटाच्या झोपड्या टाकून राहायची. मथूला वडील नव्हते. आईचा पाय मोडलेला, प्लॅस्टरमध्ये. ती खाटेवर पडून असे आणि चिमुरडी मथू एकटीच वेलांना पाणी घाली.

एका दुपारी दूरच्या डोंगरांवर काळेजांभळे ढग चढले. मथूनं वळून झोपडीकडे पाहिलं. लोंढा आला तर सगळे पळतील, पण आईला कोण उचलणार?

कुणाला दिसू नये म्हणून ती काठावरच्या करंजाच्या राईत जाऊन रडू लागली. तिथं पानाआड काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी इवलीशी परी! मोरपिशी पंख, चंदेरी झगुला, पायांत मोहरीएवढाले घुंगरू. पण उन्हानं तिचे पंख चुरगळले होते आणि ती धापा टाकत होती. मथूच्या तांब्यात घोटभरच पाणी होतं. तिनं स्वतःचा सुकलेला घसा विसरून ते परीपुढे धरलं.

परीचे पंख झुळकन उलगडले. हिरवे, निळे, सोनेरी कण हवेत नाचू लागले.

"मी वळवाची परी," ती किणकिणली. "माग सोनुले, काय हवं?"

"पाऊस थांबव!"

"ते माझ्या हाती नाही गं."

"मग माझ्या आईला सुखरूप काठावर आण."

"आणीन. पण माणसांच्याच हातांनी. आणि मी सांगते तेवढंच त्यांना सांगायचं. जास्त सांगितलंस तर इच्छा विरून जाईल." परीनं डोंगरांकडे कान लावला. "लोंढा येईलसं वाटतंय. पण ढग दुसरीकडे वळतीलही. नक्की मलाही माहीत नाही."

"परी असून?"

"परी असून!" परी हसली आणि पानांत लपली.

मथू धावत हिरामणमामांकडे गेली. पात्रातली सगळी बिऱ्हाडं त्यांच्याच शब्दावर चालत.

"मामा, लोंढा येईलसं वाटतंय. माझ्या आईची खाट उचला ना!"

"येडी का काय तू! मोबाइलवर सांगितलंय, यंदा उन्हाळा कोरडा जाणार. लोंढा नक्की येणार का? तसं सांग, लगेच उचलतो."

'नक्की' एवढंच म्हणायचं होतं! शब्द मथूच्या ओठांवर आला. दूर ढग गुरगुरले.

"नक्की नाही, मामा," ती कशीबशी म्हणाली. "येईल, नाहीतर येणारही नाही. पण मला लई भ्या वाटतंय!" आणि तिला हुंदका फुटला.

माणसं खो खो हसली. मथूला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात मामांची बायको, सुंदरमामी, पदर खोचून पुढे आली. "दात काय काढताय? तुमचा मोबाइल तरी कुठं नक्की म्हणाला? कोरडा जायची शक्यता हाय, असं म्हणाला. शक्यता तेवढी तुम्ही गिळली. ही पोर न गिळता सांगतीय. उचला खाट!"

मामीपुढे मामांचं काही चालत नसे. खाट निघाली. मागोमाग शेळ्या, पोरं, गाठोडी, सगळी कुरकुरत काठावर चढली. आणि वर पोचतात तोच लख्ख ऊन पडलं! पावसाचा थेंबसुद्धा नाही. सगळे मथूकडे डोळे वटारून पाहू लागले. मथूनं आईचा हात घट्ट धरला.

मग आवाज आला. खोल, घुमणारा. वळणावरून मातकट पाण्याची भिंत उसळत आली. झोपड्या गेल्या, वेल गेले, हिरवीगार कलिंगडं गरगरत वाहून गेली. मामांनी मथूच्या डोक्यावर हात ठेवला.

मथूच्या कानाशी घुंगरू वाजले.

"परी," ती कुजबुजली, "लोंढा आला नसता तर?"

"तर ही माणसं तुला हसली असती," परी म्हणाली. "आणि तरीही तुझी आई काठावरच असती."

पाण्यावर सोनेरी झोत पसरला आणि त्यात परी विरघळून गेली. मथू आईच्या कुशीत शिरली आणि मग मात्र पोटभर रडली.