वर सरकणारा गंडा

चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवूनही मी त्या मोटारसायकलला घाबरलो होतो, हे आधी कबूल करतो.

ती रेवतीच्या नवऱ्याची जुनी गाडी. तो गेल्यावर रेवती तिच्यावरूनच वाड्यावाड्यांवर पाव पोचवायची. ब्रेक दाबला की गाडीचं तोंड खाली बसे आणि माणूस कण्हल्यासारखा आवाज येई. मठाच्या गुंडूमहाराजांनी भूत ओळखायला पुढच्या चाकाच्या चकचकीत नळीला, अगदी खाली, मंतरलेल्या काळ्या दोऱ्याचा गंडा बांधला. फेरी मारून आलं की तो वीतभर वर सरकलेला असे.

"नवरा पुढे बसतो आणि गंडा ढकलतो," महाराज म्हणाले. "ही गाडी मठातच ठेवावी लागेल, पोरी."

पाव थांबला असता तर तिची चूल थांबली असती.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या दाऊद मिस्त्रीने हात पुसत विचारलं, "गंडा चढला म्हणजे भूत, हे नक्की ना?"

"नक्की."

मिस्त्रीने महाराजांच्या नव्या गाडीलाही तसाच दोरा बांधला. "एक चक्कर मारून या."

महाराज परतले तेव्हा दोरा चार बोटं वर होता.

"तुमच्याही पुढे कुणीतरी बसलंय," मिस्त्री म्हणाला. "आता दोन्ही गाड्या मठात ठेवायच्या, की खड्ड्यात ही नळी खालच्या जाड नळीत शिरते आणि तिची कड दोरा वर लोटते, असं समजायचं? रेवतीच्या गाडीच्या स्प्रिंगा थकल्यात, म्हणून वीतभर."

महाराजांनी दोन्ही दोरे स्वतःच सोडले.

स्प्रिंगा बदलल्या, नळीतून होणारी तेलाची गळती थांबली, नवं ऑइल पडलं. दुसऱ्या दिवशी फेरीहून परतलेली रेवती माझ्या दारात थांबली.

"आता गाडी कण्हत नाही, सर," ती म्हणाली. "फार एकटं वाटतं."