पिराच्या निशाणाची काठी

"मग त्यांनी शीड का उतरवलं नाही, तेवढं मला सांगा! बाकी काही सांगू नका."

भिवाजी शिर्सेकर किल्ल्यासमोरच्या उंच भूशिराच्या टोकावर, पिराच्या दर्ग्याच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. मांडरी किल्ल्याच्या आरमाराचा हा सुभेदार. कमरेला तलवार, हातात नारळ, आणि डोकं असं तापलेलं की जवळ जायची सोय नाही.

समोर करमशा फकीर बसला होता. म्हातारा माणूस. उजवा खांदा कधीचा निकामी झालेला, त्यामुळे तो हात छातीच्या वर जात नसे. मांडीवर हिरवं कापड घेऊन तो डाव्या हाताने टाके घालत होता.

"नारळ आणलास?" त्याने मान वर न करता विचारलं.

"आणलाय. हात लावून द्या. भरती आली की गलबतं सुटणार. दिवस मावळायच्या आत खैरबेट जाळतो."

मोहिमेआधी सुभेदाराने टोकावरच्या फकिराचा हात लागलेला नारळ दर्याला द्यायचा, ही मांडरीची जुनी रीत. भिवाजी तर पोरवयात याच फकिराच्या पायाशी बसून वारा ओळखायला शिकला होता. पण आज तो शिकायला आला नव्हता. त्याला फक्त होकार हवा होता.

फकिराने नारळाला हात लावला नाही.

"तुझी लेक खैरबेटलाच ना रे?"

भिवाजीची नजर खाडीपलीकडे गेली.

आवडी, त्याची एकुलती एक लेक. खाडीपल्याड खैरबेटला दिलेली, आणि आता दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दोन्ही बंदरांत फाटलं, येणंजाणं बंद झालं आणि पोर तिकडेच अडकली. सगळ्या मांडरीला हे ठाऊक होतं. सुभेदारासमोर तिचं नाव काढायची मात्र कुणाची छाती नव्हती.

"तिला पाठवा म्हणून मी निरोप धाडला होता," तो शेवटी म्हणाला. "उत्तर काय आलं माहितीय? पाठवतो, पण आधी तुमच्या तोफा गप्प करा म्हणे. म्हणजे माझ्या पोरीच्या आडून आत शिरणार! मी काय दूधखुळा आहे?"

"आणि खरंच पाठवणार असले तर?"

"बाबा, तुम्ही त्यांची बाजू का घेता?"

भिवाजीचे डोळे बारीक झाले.

"तुमच्या दर्ग्यावर खैरबेटचे लोकही नारळ चढवतात. आणि तुमचा तो मुजावर… परवा किल्ल्याच्या दाराशी घुटमळत होता. डांबून ठेवलाय त्याला. काय बघायला धाडला होतात?"

घ्या! ज्याच्या पायाशी बसून वाढला, त्यालाच हेर म्हणून मोकळा. माणसाला संशयाची एकदा चटक लागली की तो घरच्या मांजरालाही विचारतो, कुठे गेली होतीस.

"निरोप द्यायला धाडला होता," फकीर म्हणाला. "ऐकलास का निरोप?"

"असल्या माणसाचा निरोप ऐकतं कोण!"

"बरं…"

फकिराने दोरा दाताने तोडला.

"भिवा, खैरबेट का जाळायचं?"

"का म्हणजे? काल त्यांनी आमचं पहाऱ्याचं गलबत बुडवलं. माझी माणसं गेली, बाबा! त्यांच्या बायका माझ्या दारात बसून रडतायत."

त्याचा आवाज फुटला. तो काही दगडाचा नव्हता.

फकिराने सुई कापडात खोचली. मग हळू विचारलं, "त्याआधी?"

"त्याआधी काय?"

"त्याआधी काय झालं?"

"आम्ही त्यांच्यावर बार टाकला होता. टाकणारच! मिठाच्या गलबतावर तोफ चढवली होती त्यांनी. मिठाला तोफ कशाला लागते?"

"त्याआधी?"

"आम्ही त्यांची गलबतं अडवून झडती घेत होतो. मांडरीची जकात चुकवून माल दुसऱ्या बंदराला नेत होते ना, चोर लेकाचे."

"पूर्वी नेत नव्हते?"

"नव्हते. जकात वाढवली तेव्हापासून सुरू झालं."

"जकात कुणी वाढवली?"

"मीच वाढवली!" भिवाजी तडकला. "लपवायचंय काय त्यात? आमचंच बंदर, आमचंच पाणी. त्यांना माज आला होता, तो उतरवायला वाढवली."

"माज आला हे कशावरून कळलं?"

"तेच तर मघापासून सांगतोय! शीड उतरवलं नाही!"

तो पायरीवरून उतरला आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागला.

"माझ्या बापाच्या वेळेपासून बघतोय. खैरबेटचं कुठलंही गलबत या टोकाला वळसा घालून आमच्या किल्ल्यासमोर आलं की शीड खाली घ्यायचं. क्षणभरच, पण घ्यायचं. किल्ल्याला मान द्यायचे! आणि या वर्षी पावसाळा संपला, दर्या उघडला, आणि पहिलंच गलबत आलं ते भरल्या शिडाने. मागचंही तसंच. त्यामागचंही. सगळ्यांनी मिळून ठरवल्याशिवाय असं होतं? त्याच दिवशी मी ओळखलं, आतून काहीतरी शिजतंय. आणि काल गलबत बुडाल्यावर हुकूमच सोडला. टोकावर ज्याचं शीड वर दिसेल, त्याच्यावर तोफ. विचारायचं नाही, पुकारायचं नाही."

"तो हुकूम अजून आहे?"

"आहे तर! आत्ताही बत्ती पेटवून बसलेत माझे गोलंदाज."

"किल्ल्याला मान देत होते म्हणतोस…"

"मग काय तुम्हाला?"

असं म्हणत तो झटक्यात वळला, आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला.

भिवाजी आडवाच झाला. नारळ हातातून सुटून गडगडत भिंतीला लागला. सुभेदार शिव्या देत उठला. पाय चिखलाने भरला होता.

"अंगणाच्या मधोमध हा खड्डा कसला ठेवलाय?"

फकिराने कापडाची शिवण बोटाने चाचपली.

"बाबा, विचारतोय मी!"

"तुला ठाऊक नाही?"

भिवाजीने खड्ड्याकडे पाहिलं. गोल होता, खोल होता, आणि कडेने दगड बसवलेले होते. तळाशी पावसाचं पाणी अजून साचलेलं. हा काही पावसाने पडलेला खड्डा नव्हता.

मग त्याने खाली बंदराकडे पाहिलं. तिथे त्याचं स्वतःचं गलबत उभं होतं, आरमारातलं सगळ्यांत मोठं. गेल्या वादळात त्याची डोलकाठी मोडली होती, आणि पावसाळ्यात नवी बसवली होती. चांगली सरळ, सागवानी. एवढी उंच काठी अख्ख्या किनाऱ्यावर दुसरीकडे कुठे मिळाली नसती.

काठीच्या टोकाला एक लोखंडी कडी होती. निशाण बांधायची. काढायची राहून गेली होती.

"मी… मी सांगितलं होतं माणसांना," भिवाजी अडखळत म्हणाला. "दुसरी काठी लावून द्या, म्हणून."

"हो. तू सांगितलं होतंस."

"त्यांनी नाही लावली?"

"सगळे जकातीच्या भांडणात गुंतले. मी मुजावराला धाडला काठी मागायला. त्याला तू डांबलंस."

भिवाजी मटकन पायरीवर बसला.

टोकावरचा पीर हा जुन्या काळचा तांडेल, गलबताचा म्होरक्या. दर्यावर्दी लोक त्याला मानत. टोकाला वळसा घालताना दर्ग्यावरचं हिरवं निशाण दिसलं की शीड उतरवून सलाम करायचा, मग पुढे जायचं. हिंदू असो, मुसलमान असो, सगळेच करत. किल्ला योगायोगाने समोर होता इतकंच. पण किल्ल्यातल्या माणसांना वाटे की हा मान आपलाच. एवढ्या वर्षांत कुणी विचारायला गेलं नाही, आणि सांगायची वेळही कुणावर आली नाही.

"पण…" भिवाजी म्हणाला. संशयही असा सहजासहजी सुटत नाही. "पण निशाण दिसलं नाही तरी दर्गा होताच ना इथे? दर्गा बघून उतरवायचं!"

"निशाण खाली म्हणजे पीर घरी नाही. असं त्यांचं मानणं."

"हे त्यांनी मला का सांगितलं नाही?"

"तू विचारलंस?"

भिवाजीने पायाचा चिखल खरवडला.

"त्यांनीही विचारलं नाही, निशाण कुठे गेलं ते. त्यांना वाटलं, सुभेदाराने मुद्दाम काढलं. आमच्या पिराचा अपमान केला. इथे येऊन सांगून गेला एक तांडेल. तोही असाच पाय आपटत होता."

एवढ्यात किल्ल्यावर शिंग फुंकलं गेलं.

भिवाजी ताडकन उठला. दक्षिणेकडून एक शीड येत होतं. खैरबेटच्या बाजूने. एकटंच, बरोबर पहारा नाही. शीड वाऱ्याने पुरतं भरलेलं होतं.

"हेर असेल," तो सवयीने म्हणाला. आणि लगेच त्याचा चेहरा पांढरा पडला. "बाबा… आवडी तर नसेल त्यात?"

"असेल. नसेल."

"त्यांनी पाठवली असेल तर? मी तोफा गप्प करायच्या आधीच पाठवली असेल तर?"

दुसऱ्यांदा शिंग वाजलं. म्हणजे तोफेचं तोंड वळलं.

"थांबा!" भिवाजी किल्ल्याकडे बघून ओरडला. "अरे, थांबा! मी सुभेदार सांगतोय!"

वारा उलटा होता. ओरडणं त्याचं त्यालाच ऐकू आलं असेल. खाली उतरून, होडीत बसून किल्ला गाठेपर्यंत सगळं आटोपलं असतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. विचारायचं नाही, पुकारायचं नाही. हुकूम त्याचाच होता.

तो फकिराच्या पायाशी कोसळला.

"काहीतरी करा बाबा! माझी पोर आहे हो ती!"

फकिराने मांडीवरचं हिरवं कापड उचललं आणि त्याच्या हातात दिलं. ते पिराचं निशाण होतं. पावसाळ्यात फाटलेली त्याची कड म्हाताऱ्याने नुकतीच शिवली होती.

"काठी नाही," भिवाजी म्हणाला.

फकिराने त्याच्या धडधाकट खांद्यांकडे पाहिलं.

मग भिवाजी धावला. तलवार पायात येत होती, ती त्याने काढून फेकली. टोकावरच्या कठड्यावर चढला आणि दोन्ही हात जितके वर जातील तितके वर करून त्याने ते कापड धरलं. वाऱ्याने ते फडफडवलं, ओढलं, पार कठड्यावरून खाली खेचायला बघितलं. तो पाय रोवून उभा राहिला.

शीड पुढे येतच होतं.

"दिसत नाहीये त्यांना! बाबा, दिसत नाहीये!"

"ताठ उभा राहा…"

गलबताने टोकाला वळसा घ्यायला सुरुवात केली. शीड अजून वरच होतं. भिवाजीने डोळे मिटून घेतले. तोफ ऐकायची त्याने तयारी केली.

तोफ वाजली नाही.

डोळे उघडले तेव्हा खालच्या पाण्यात शीड हळूहळू उतरत होतं. गलबतावर कुणीतरी कपाळाला हात लावून सलाम करत होतं. माडाच्या झापांच्या आडोशाखाली कुणी बसलेलं दिसत होतं. बाईमाणूस असावं, नसावंही. इतक्या उंचावरून कळत नव्हतं.

किल्ल्यावरचं शिंग गप्प झालं.

भिवाजी रडत होता आणि हसत होता.

"उतरवलं! बाबा, उतरवलं त्यांनी! मी खाली जातो. तीच असेल. मला बघू द्या, तीच आहे का…"

हात खाली घेऊन तो उडी मारणार, तेवढ्यात त्याचं लक्ष दूरवर गेलं. दक्षिणेकडून आणखी शिडं येत होती, बरीच. लढाईची की मालाची, ते एवढ्यात सांगता येत नव्हतं. निशाण दिसलं नाही, तर तीही भरल्या शिडानेच तोफांसमोर येणार होती.

"ही कसली गलबतं?" तो पुटपुटला. चेहऱ्यावर तोच जुना संशय परत आला. "पोरीला पुढे घालून मागून आरमार तर आणलं नसेल?"

"तेही तिकडून हेच विचारत असतील," फकीर म्हणाला.

भिवाजीने खाली पाहिलं, मग दूर पाहिलं. हात भरून आले होते. खांद्यांतून कळा निघत होत्या. खाली गलबत धक्क्याला लागत होतं.

फकिराने पायरीचा आधार घेत उठून भिंतीजवळचा नारळ उचलला, काखेत धरला आणि तो पायवाटेने खाली उतरू लागला.

"बाबा! तुम्ही कुठे चाललात?"

म्हातारा थांबला, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"तुझी लेक आली का ते मी बघून येतो. तू हात खाली घेऊ नकोस."