नागाचे खवले आणि नऊ कळ्या

एका राज्यात सूर्याच्याही आधी पाढे उगवत. पहाटेचा गारवा असतानाच मुले सरोवराच्या घाटावर ओळीने बसत आणि दोनापासून तिसापर्यंत पाढे गात. ते गाणे इतके गोड की दूरदेशीचे प्रवासी मुद्दाम मुक्काम करून ऐकत. ज्याचा आवाज सर्वांत सुरेल, त्याच्या खांद्यावर राजा वज्रबाहू स्वतः रेशमी उपरणे घालत असे.

मात्र एक रीत होती. पाढा म्हणायचा तो 'एके'पासूनच. कुणी मधूनच विचारले, "नऊ साते किती?" तर मुलाने हात जोडून नऊ एके नऊ पासून आरंभ करायचा आणि सातव्या पायरीवर येऊन थांबायचे. एकदम मध्ये शिरणे म्हणजे दार सोडून खिडकीतून घरात शिरण्यासारखे, असे तिथले लोक मानत.

एके दिवशी धूम्रकेश नावाचा जादूगार घाटावर आला. तो राजाला म्हणाला, "राजा, माझ्या आश्रमावर कौलांच्या तेरा ओळी बसतात. एका ओळीत बारा कौले. मला किती कौले लागतील?"

राजाने खूण केली. मुलांनी सूर धरला, तेरा एके तेरा.

"मी कौले मागितली, मैफल नाही," जादूगार म्हणाला.

सारा दरबार हसला. एक प्रधान तर म्हणाला, "बुवा, घाई असेल तर झावळ्या घाला!"

धूम्रकेशाचे केस धुरासारखे उभे राहिले. "ज्या गाण्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही, ते गाणे मी घेऊन चाललो. जो कुणी गाणे सोडून, स्वतःच्या बुद्धीने तीन उत्तरे देईल, त्याच्यासाठी ही मुले जागी होतील. जो चुकेल तो त्यांच्यासारखाच होईल."

असे म्हणून तो डोंगरावरच्या आपल्या आश्रमाकडे गेला. पाढे सगळ्यांच्या जिभेवरून पुसले गेले आणि घाटावर गाणारी मुले उघड्या तोंडांनी दगडाची झाली.

त्या मुलांत सुरंगीचा धाकटा भाऊ कुंद होता. सुरंगी त्या दिवशी तापाने घरी पडली होती, म्हणून वाचली.

त्यानंतर राज्यात कशाचा कशाला मेळ राहिला नाही. गवंड्याच्या पायऱ्या अर्ध्यावरच संपत. विणकराचे लुगडे कधी चार हात तोकडे, तर कधी अंगणभर लांब होई. मेजवानीत एका पंगतीला पुरणपोळ्या उरत आणि दुसरी पंगत नुसतेच ताक पिऊन उठे. शहाणे प्रधान एकामागून एक डोंगराकडे गेले आणि वाटेवर दगड होऊन उभे राहिले.

सुरंगीची आई रोज सकाळी घाटावर जाई. कुंदाचे दगडी तोंड ओल्या फडक्याने पुसे, केसांवर पडलेली पाने काढी आणि घरी येऊन चूल पेटवी. ती रडत नसे. ताटे मात्र चुकून तीनच मांडी आणि मग एक उचलून ठेवी.

असे वर्ष गेले. एके सकाळी सुरंगी म्हणाली, "आई, मी डोंगरावर जाते."

"तुला पाढे कुठे येतात?"

"कुणालाच येत नाहीत. मग मी काय नि प्रधान काय, सारखेच."

आईने चुलीवर तवा ठेवला. मग दशम्या बांधून दिल्या.

डोंगराच्या पायथ्याशी बाभळीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "वाट मी दाखवीन. पण हिशेबाचे मला विचारू नकोस. मला दोनपर्यंतच येते. त्यापुढे सगळे पुष्कळ."

"तुझी पिल्ले किती?"

"पुष्कळ," साळुंकी अभिमानाने म्हणाली.

पहिल्या खिंडीत एक नाग आडवा पडला होता. तो म्हणाला, "मुली, मला कात टाकायची आहे. पण मी मोजल्यावाचून काही टाकत नाही. माझ्या पाठीवर खवल्यांच्या चौदा ओळी आहेत. प्रत्येक ओळीत सोळा. सांग, खवले किती? बोट लावून मोजू नकोस, मला गुदगुल्या होतात."

सुरंगीने सवयीने तोंड उघडले. जिभेवर काहीच आले नाही. तेव्हा तिने वाळूत बोटाने ठिपके काढले, चौदा ओळी आणि ओळीत सोळा. एवढे ठिपके पाहून तिला घाबरायला झाले.

"पुष्कळ आहेत," साळुंकी म्हणाली.

"पुष्कळ आहेत, पण सगळे एकदम कशाला मोजू?" सुरंगी स्वतःशीच म्हणाली. दहाव्या ठिपक्यानंतर तिने वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडे चौदा ओळींत दहा-दहा राहिले. ते झाले एकशे चाळीस. उजवीकडे चौदा ओळींत सहा-सहा राहिले. तिथे तिने दहा ओळींखाली एक आडवी रेघ मारली. वरचे दहा वेळा सहा, म्हणजे साठ. खालचे चार वेळा सहा, ते मोजून चोवीस.

"नागोबा, एकशे चाळीस, साठ आणि चोवीस. दोनशे चोवीस खवले."

नाग म्हणाला, "बरोबर." त्याने तिथेच कात टाकली, घडी करून दगडाखाली ठेवली आणि वाट दिली.

दुसऱ्या खिंडीत एक राक्षसीण मोठ्या परातीपुढे बसली होती. परातीत पंचेचाळीस लाडू होते. ती म्हणाली, "पाहुण्या येणार आहेत. प्रत्येकीला अडीच लाडू वाढायचे, ना कमी ना जास्त, आणि परात रिकामी व्हायला हवी. पाने किती मांडू?"

"अडीच का, मावशी? तीन का नाही?"

"तीन खाल्ले की त्यांना झोप येते आणि दोन दिले की त्या मला नावे ठेवतात."

सुरंगीने एक पान मांडले, दोन लाडू ठेवले, तिसरा फोडायला घेतला आणि थांबली. उरलेला अर्धा कुठे ठेवायचा? तिने पहिल्याशेजारी दुसरे पान मांडले. दोन लाडू इकडे, दोन तिकडे आणि फोडलेल्याचे दोन अर्धे दोघींना. एका जोडीला पाच लाडू, उरले काही नाही.

"मावशी, तुमच्या पाहुण्यांना जोडीने बसू द्या." आणि ती पाच-पाच लाडू बाजूला काढू लागली. पाच, दहा, पंधरा, असे करत नऊ ढिगांत परात रिकामी झाली. नऊ जोड्या, म्हणून अठरा पाने.

तिने अठरा पाने मांडली तोच ढगांतून अठरा राक्षसकन्या उतरल्या आणि पानावर बसल्या. सगळ्या जेवून तृप्त झाल्या. राक्षसीण म्हणाली, "शहाणी आहेस. एक पान जास्त मांडले असतेस, तर त्यावर तुलाच वाढले असते."

"हे आधी सांगायचे होते!" साळुंकी ओरडली.

तिसऱ्या खिंडीपलीकडे धूम्रकेशाची बाग होती. तो फुलझाडांना पाणी घालत होता.

"दोन उत्तरे मला कळली," तो म्हणाला. "तिसऱ्यासाठी तुला मदत करतो. हे घे तुमचे गाणे."

त्याने ओंजळ उघडली आणि सारे पाढे सुरंगीच्या गळ्यात परत आले. वर्षभराने त्यांची गोडी जिभेला लागली, तशी तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"आता ऐक. माझ्या बागेतली एक कळी सात दिवसांत उमलते. एकाच सकाळी नऊ झाडांना एक-एक कळी आली. साऱ्या कळ्या किती दिवसांत उमलतील?"

प्रश्न संपण्याआधीच गाणे तिच्या ओठांवर आले. सात एके सात, सात दुणे चौदा, आणि पाहता पाहता सूर सात नव्वे पर्यंत पोहोचला. "त्रे..." एवढे ती बोलली. तोच तिच्या पायांची बोटे गार पडली. तिने खाली पाहिले. बोटे दगडाची झाली होती आणि दगड घोट्याकडे चढत होता.

सुरंगीने तोंड घट्ट मिटले. गाणे आत धडका देत राहिले. तिने त्याला तसेच राहू दिले आणि समोरच्या नऊ झाडांकडे पाहिले. पहिली कळी उमलेपर्यंत दुसरी कशासाठी थांबेल? ऊन तर साऱ्यांवर एकाच वेळी पडते.

"सात दिवसांत," ती म्हणाली.

"तुमचे गाणे त्रेसष्ट म्हणत होते."

"सात नव्वे त्रेसष्टच. गाणे खोटे नाही. पण इथे गुणायचेच नव्हते. कळ्या एकमेकींची वाट पाहत नाहीत."

जादूगाराने झारी खाली ठेवली. "माझ्याकडे येणारे सगळे पाढा विसरले म्हणून रडत निघाले. पाढा आठवत असून थांबलेली तू पहिलीच." तिच्या पायांतला दगड विरघळला. "जा. तुझ्या पायांत वेग आहे, पण आज मी तुला त्याहून लवकर पोहोचवतो."

त्याने टाळी वाजवली आणि सुरंगी साळुंकीसह थेट सरोवराच्या घाटावर उभी राहिली. मुले आळस देत उठत होती आणि साऱ्यांच्या जिभेवर पाढे परत आले होते. वाटेवरचे प्रधान कपडे झटकत, एकमेकांकडे न पाहता नगरात येत होते. राजा वज्रबाहू घाटावर चालत आला. मुलांना त्याने काही विचारले नाही, आधी एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्याने आज्ञा केली की पाढे पूर्वीसारखे गायचे, पण गाऊन झाल्यावर घाटाच्या वाळूत प्रत्येकाने ठिपके मांडून दाखवायचे, आणि मधूनच आरंभ करणाऱ्याला कुणी असभ्य म्हणायचे नाही.

कुंद सुरंगीकडे पाहतच राहिला. "ताई, तू एका सकाळीत एवढी उंच कशी झालीस?"

आईने दोघांना पाठीला पाठ लावून उभे केले. सुरंगी कुंदापेक्षा चांगली टीचभर उंच भरली. आई बोटांवर मोजू लागली. सुरंगी आता बारा वर्षांची होती. दगडाला वय नसते, म्हणून कुंद अजून नवाचाच होता. दोघांत दोन वर्षांचे अंतर होते, ते आता तीन झाले होते.

"हे अंतर मी मोठा झालो की भरेल ना?" कुंदाने विचारले.

"नाही रे," आई म्हणाली. "तू कितीही वाढलास, तरी तीही तुझ्याबरोबर वाढणार. ते एक वर्ष आता तसेच राहायचे." तिने त्याचे तोंड पदराने पुसले. ते ऊनऊन होते.

"मग माझा सगळा अभ्यास ताईने आधीच केलेला असेल!" कुंद आनंदाने म्हणाला आणि घराकडे धावत सुटला.

जसा त्या राज्याचा हिशेब जुळला, तसा ऐकणाऱ्यांचाही जुळो.